काटा, कंबर आणि स्वयंपाकघर

वजन कमी करायला निघालेल्या माणसाची अडचण आहाराच्या माहितीची नसते. साखर कमी, तळण कमी, चालणं जास्त, एवढं सांगायला आज कुणी तज्ज्ञ लागत नाही. तो विचारतो ते वेगळंच असतं: ‘सुरुवात होते हो, पण टिकत नाही. मोटिव्हेशन कसं टिकवायचं?’ दिवाळीनंतरचा सोमवार, एक जानेवारी, घरातल्या लग्नाची तारीख किंवा रक्ततपासणीचा वाईट आलेला रिपोर्ट, असं काहीतरी निमित्त होतं. जिम लावली जाते, वर्षाची फी एकदम भरली जाते, दोन-तीन आठवडे पहाटेचा गजर पाळला जातो. मग मुलांची परीक्षा येते, पाहुणे येतात, ताप येतो. एकदा खंड पडला की माणूस स्वतःला दोष देत गप्प बसतो. ‘माझ्यात जिद्दच नाही’ असं तो ठरवून टाकतो आणि पुढच्या खेपेला हे ओझं डोक्यावर घेऊनच सुरुवात करतो.

हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो आणि घातकही. वजन उतरवणं म्हणजे मनोनिग्रह, असं एकदा मानलं की अपयश हा आपोआप स्वभावाचा दोष ठरतो. माझ्या मते हे काम मुख्यतः घराच्या व्यवस्थेचं आहे. ओट्यावर कोणते डबे आहेत, रात्रीचं जेवण किती वाजता होतं, स्वयंपाक कोण करतं आणि उरलेलं कोण संपवतं, यावर ते ठरतं. ही व्यवस्था थोडी जरी बदलली तरी उत्साह तिच्यामागून येतो. नुसत्या उत्साहाच्या बळावर सगळं उभं करू पाहणाऱ्यांची दमछाक होते, याचं कारण शरीरातच आहे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. महायुद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातल्या माणसांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले होते. निश्चय कशाशी खातात हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. सहा महिने अर्धपोटी राहून त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. या काळात त्यांना अन्नाखेरीज काही सुचेनासं झालं. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागला, कुणी ताटातले चार घास पुरवून पुरवून खाऊ लागला. चिडचिड वाढली, उदासी आली, माणसांत मिसळणं नकोसं झालं. पोटभर जेवण मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक बरेच दिवस भागेना. त्यांना अर्धपोटी म्हणून जे अन्न मिळत होतं, ते दिवसाला साधारण १६०० कॅलरींचं होतं. हे तरुण मुळात सडपातळ होते आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालत होते, तेव्हा ही तुलना जशीच्या तशी आपल्याला लागू होत नाही. तरीही आज १२०० कॅलरींचे तक्ते सर्रास वाटले जातात आणि ते न पाळता आलेली माणसं स्वतःला दुबळी समजतात, हे पाहिलं की मला या प्रयोगाची आठवण होते.

लठ्ठ माणसांच्या बाबतीत असंच घडतं का, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाने तपासलं. ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. वजन उतरलं, भूक वाढवणारी संप्रेरकं वाढली, पोट भरल्याची जाणीव देणारी घटली. हे अपेक्षितच होतं. पण वर्षभराने, काहींचं वजन पुन्हा चढू लागल्यावरही, ही संप्रेरकं मूळ जागी आली नव्हती. अशा वेळी रात्री अकरा वाजता फ्रिज उघडणारा माणूस चारित्र्याने कच्चा नसतो. त्याचं शरीर गेलेली चरबी परत मागत असतं. उपासमारीच्या हजारो वर्षांत जे तंत्र आपल्याला जगवत आलं, तेच आता आडवं येतं आहे. त्याच्याशी रोज समोरासमोर झुंजायचं ठरवलं तर बहुतेक जण हरतील. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं: भूक लागेल एवढं कमी खाऊ नका. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे, पाव किलो असेल तरी चांगला.

इथे काटा फसवतो. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून लोक पेढे वाटायच्या बेतात असतात. पण शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. पोळी-भात एकदम कमी केला की हा साठा रिकामा होतो, पाणी जातं, काटा खाली येतो. चरबी त्या मानाने थोडीच गेलेली असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडतो, एखाद्या खारट जेवणानंतर किंवा पाळीच्या आधी किलोभर वरही जातो आणि नेमक्या याच सुमारास बहुतेक जण सोडून देतात. खरं तर चरबी कमी व्हायचं काम तेव्हा चालूच असतं. काट्यावर उभं राहू नका असं मी म्हणणार नाही. रोजचा आकडा मनाला लावून घ्यायचा नाही, महिन्याचा कल बघायचा, एवढं पाळलं तर काटा उपयोगाचा आहे.

आपल्या शरीरांसाठी त्याहून चांगलं माप कंबरेचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोटावर मात्र चरबी, असा जो आपल्याकडचा बांधा आहे, त्याची मुळं आईच्या पोषणापर्यंत आणि जन्मवजनापर्यंत जातात, हे याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या कामातून पुढे आलं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात. कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असं सांगतात. मोजायला शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आपल्याकडे त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचे त्यात गट केले होते. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं, त्यांच्यापैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालणं यांत नीट मदत मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिलं. आणि त्या लोकांचं वजन जवळपास उतरलंच नव्हतं! काटा हलला नाही तरी शरीर आतून सुधारत होतं. ‘महिना झाला, काहीच फरक नाही’ म्हणून चालणं बंद करणाऱ्या प्रत्येकाला हा अभ्यास सांगावासा वाटतो. जिना चढताना लागणारी धाप, जेवणानंतरची साखर, पँटचं बटण, दुपारची झोप न येणं, हीसुद्धा प्रगतीची मोजमापं आहेत. टिकून राहायला लागणारा उत्साह अशा लहान पुराव्यांवरच पोसला जातो.

मग खायचं काय? गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात या प्रश्नावर घराघरांत दोन पक्ष पडले. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडं थोडं वेळेवर खा, आजीच्या हातचं, हंगामाचं, तूप-भात न घाबरता. सोसायटीच्या कट्ट्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोक यावरून भांडले. मला या भांडणापेक्षा दोघांमधलं साम्य मोलाचं वाटतं. दोघंही डब्यातली महागडी पावडर विकत नाहीत आणि दोघंही खाण्याला एक चौकट घालून देतात. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर कमी चरबीचा आणि कमी कर्बोदकांचा आहार तपासला. एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. हा फरक नगण्य. पण प्रत्येक गटाच्या आत डोकावलं तर कुणाचं वीस-पंचवीस किलो उतरलेलं, तर कुणाचं उलट वाढलेलं. पद्धतीपेक्षा ती त्या माणसाच्या जगण्यात बसली की नाही, याने जास्त फरक पडला असणार, असं मला वाटतं. पहाटे पाचला उठून रात्री दहाला जेवणाऱ्या रिक्षाचालकाला जे जमेल, ते घरून काम करणाऱ्याला जमेलच असं नाही. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांशी बोलल्याखेरीज जेवणांमधलं अंतर वाढवू नये. साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं.)

आता घरात येऊ. माझ्या मते खरी लढत संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत असते. दुपारचा डबा एकला खाल्लेला, रात्रीचं जेवण साडेनऊला. मधले साडेआठ तास चहा-बिस्किटं, खारी, वेफर्स, टपरीवरचा वडापाव आणि घरी आल्यावर ओट्यावरचा फरसाणाचा डबा यांवर जातात. एवढ्या भुकेसमोर निश्चय टिकायची अपेक्षाच चुकीची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे घरच्यासारखं ताजं. दोन्हींत साखर, मीठ, चरबी, चोथा जुळवून दिलेले, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्याच्या खाण्यावर असताना तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्या पंधरा दिवसांपुरता त्यांचा स्वभाव बिघडला होता, असं कोण म्हणेल? तेव्हा फरसाण खायचं नाही असा निश्चय करत बसण्यापेक्षा ते किराण्याच्या यादीतून काढा. त्या जागी फुटाणे, शेंगदाणे, उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी, काकडी, ताक असं काहीतरी तयार असू द्या. पाचला पोटात काही नीट गेलं तर रात्रीची चौथी पोळी आपोआप सुटते.

मराठी ताटाची मूळ मांडणी उत्तम आहे. कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, आमटी, भाकरी, ताक. रोजच्या धकाधकीत मात्र तिचं प्रमाण उलटं झालं: तीन-चार पोळ्या, वर भात, चमचाभर भाजी तीही बटाट्याची, वरण पातळ, कोशिंबीर सणापुरती. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे असली प्रथिनं कमी पडली की पोट भरतं पण भूक लवकर परतते आणि वजनाबरोबर स्नायूही झिजतात. दोन पोळ्या घ्या, पण उसळ वाटीभर घ्या. भात हवा तर एक पोळी कमी करा. उपासाच्या दिवसाचंही बघा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर तूप, कूट आणि बटाटा. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं आपल्या आज्यांनीच म्हणून ठेवलं आहे. श्रद्धा सांभाळून राजगिरा, दही, फळं, रताळं यांवर उपास होऊ शकतो.

आणि चहा. दोन चमचे साखरेचा कप चारदा घेतला तर साखरेच्याच १५० च्या वर कॅलरी होतात. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून जेवढं जाळलं, तेवढं यात परत आलं. चालण्याने वजन फारसं का उतरत नाही, हे यावरून कळतं. पण उतरलेलं वजन राखायला, साखर ताब्यात ठेवायला, झोप आणि मन सुधारायला चालण्यासारखं दुसरं काही नाही. जेवणानंतरची दहा मिनिटंसुद्धा लागू पडतात. चाळिशीनंतर आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण हवाच: उठाबशा, जोर, जिने, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्यातली मला भावणारी गोष्ट अशी की त्यांनी ते संस्थानातल्या शाळांच्या दिनक्रमात घातले. मुलांच्या उत्साहावर सोडले नाहीत.

सवय किती दिवसांत लागते, याबद्दल २१ दिवसांचं एक मिथक फिरत असतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा कृती अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. गणपतीत पाच मोदक खाल्ले, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून प्रायश्चित्त घेऊ नका. नेहमीचं जेवण जेवा, नेहमीच्या वेळी चाला.

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली. ज्यांचं वजन खूप आहे, मधुमेह आहे, त्यांना डॉक्टरांनी ती दिली तर त्यात लाज वाटण्याचं काही कारण नाही. भूक हे रसायन आहे, हेच या औषधांनी सिद्ध केलं. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड हे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे घरची व्यवस्था औषधाच्या सोबतीनेही लागतेच. थायरॉइड, पीसीओएस, स्टिरॉइडसारखी औषधं यांची तपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी. महिनोन् महिने झटून पदरी काही न पडण्यापेक्षा ते बरं.

या सगळ्यात घरातल्या बाईचं काय होतं, हा प्रश्न आहाराच्या पुस्तकांत येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पोटाचा लठ्ठपणा ४० टक्के स्त्रियांमध्ये आढळला, पुरुषांमध्ये १२ टक्के. त्याच सुमाराच्या, २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. हे दोन आकडे मला शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. पहाटे सहाला डबे करणाऱ्या बाईला ‘सकाळी तासभर चाला’ हा सल्ला कोणत्या वेळेत बसवायचा? सगळ्यांना वाढून ती साडेदहाला जेवते. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, कढईतली भाजी, वाटीभर भात ‘टाकायचं कसं’ म्हणून तिच्या पोटात जातं. नवऱ्याला डाएट लागलं की त्याचं वेगळं जेवण तीच करते. तिचं स्वतःचं डाएट सुरू झालं की घरासाठी पुन्हा वेगळा स्वयंपाक, आणि तिचा ‘निश्चय’ मोडला की घरातले हसतात. तिच्या वजनावर तिच्या इच्छाशक्तीपेक्षा बाकीच्या तिघा-चौघांच्या वागण्याचा जास्त परिणाम होतो, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने एकट्याने मनात पण करण्याआधी घरच्यांना एकत्र बसवावं. वेगळं ताट मागू नये. सगळ्यांचंच ताट थोडं बदलावं. उसळ आणि कोशिंबीर लहान मुलांनाही चालते, सासऱ्यांच्या साखरेलाही. रात्रीचं जेवण आठला मांडायचं काम मुलाने किंवा नवऱ्याने घ्यावं, आणि तिने सगळ्यांबरोबर बसून जेवावं. उरलेलं फ्रिजमध्ये जाईल, उद्या डब्यात येईल; ते तिने संपवायचं नाही. आठवड्यातले निदान तीन दिवस सकाळचा चहा आणि डबा दुसऱ्या कुणी करावा, तेव्हा ती चालायला बाहेर पडेल. आणि ‘किती सुटलीस गं’, ‘एवढं करून काय फरक पडला’ ही वाक्यं घरात, लग्नमंडपात, भाऊबीजेला बंद व्हावीत. टोमण्यांनी माणूस चोरून खायला शिकतो. नात्यातल्या कुणाला खरंच काळजी वाटत असेल तर त्याने संध्याकाळी दार वाजवावं आणि विचारावं, ‘येतेस का, मंदिरापर्यंत जाऊन येऊ?’